त्यालाच दिसेल असं अक्षर

चाकणच्या आमच्या लॅबमध्ये गाडी किती थरथरते ते मोजतात आणि त्याचे आलेख मी काढते. लोकांना वाटतं गाडी रस्त्यावर पास होते. ती पास होते माझ्या स्क्रीनवर. लाल रेष म्हणजे मर्यादा, हिरवी रेष म्हणजे आमची गाडी. हिरवी लालच्या खाली राहिली की साहेब चहा मागवतात. वर गेली की माझ्याकडे बघतात, जणू ती मीच ढकलून वर नेली.

शेजारच्या टेबलावर एक नवी इंजिनियर बसते. एक दिवस माझ्या स्क्रीनकडे बघून ती म्हणाली, “मॅडम, रंग वेगळे आहेतच ना? मग लाल रेष तुटक कशाला? आणि हिरवीवर हे गोल कशाला टाकलेत?”

“ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढली तरी कळावं म्हणून,” मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि ती कामाला लागली. मी मात्र तिथेच अडकले, कारण मी खोटं बोलले होते. आमच्याकडे आलेखाची प्रिंट कोणी काढत नाही. तो तुटकपणा आणि ते गोल माझ्या भावासाठी आहेत. तो मस्कतला असतो. त्याने माझ्या कंपनीचा एकही आलेख पाहिलेला नाही आणि पाहण्याचं त्याला काही कारणही नाही. तरी मी रेष काढली की हात आपोआप कोडची ती एक ओळ लिहून जातो.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी हे काम करते त्यात चित्र असं सलग काही नसतंच. असतात सुट्या सुट्या वस्तू. खिडकी ही एक वस्तू, तिच्या पोटात अक्ष, अक्षांच्या पोटात रेषा, मथळा, आकडे. प्रत्येक वस्तूला एक हँडल असतं, म्हणजे तिला पकडून बोलता येईल अशी खूण. ते हाती आलं की त्या वस्तूला काहीही सांगता येतं. तुझा रंग हा, तुझी जाडी एवढी, तू तुटक हो, तू दिसू नकोस. याला प्रॉपर्टी सेट करणं म्हणतात. कॉलेजात असताना मी हे घरी उत्साहाने सांगत होते, तेव्हा अब्बांनी पाना खाली ठेवून विचारलं होतं, “कुठं घेतली? चिखलीला?” आमच्या भागात प्रॉपर्टी म्हटलं की माणसाला गुंठेच आठवतात, त्यात त्यांचा काही दोष नाही.

या कामात मला राग येतो तो माऊसवाल्यांचा. रेषेवर क्लिक करायचं, यादीतून रंग निवडायचा आणि झालं म्हणायचं. खिडकी बंद केली की तो रंग गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी सगळं लिहून करते. लिहिलेलं राहतं, आणि ते कोणी केलं, का केलं, हे विसरलं तरी राहतं.

आम्ही मूळचे मावळातले. अब्बांचं काळेवाडीत दुचाकींचं गॅरेज आहे, त्याच्याच मागे घर. घरात आम्ही मराठी बोलतो आणि भांडताना हिंदी. भाई माझ्याहून मोठा. मी शाळेत असताना एका ईदला मला हिरव्या बांगड्या हव्या होत्या. भाई हौसेने पिंपरीच्या बाजारात गेला आणि तपकिरी घेऊन आला. वर मला म्हणाला, “बघ, कशा हिरव्यागार हायत.” मी त्या फेकल्या नाहीत एवढंच. ईदभर तोंड फुगवून त्याच बांगड्या घालून फिरले. भाई वेंधळा आहे, यावर घरात एकमत झालं. कच्चे टोमॅटो आणणारा, अम्मीच्या ओढणीवर भलत्याच रंगाचा दोरा आणणारा. गॅरेजमध्ये मात्र त्याची कधी चूक होत नसे. तिथे तो वायर रंगावरून शोधतच नव्हता, ती कुठून निघते आणि कुठे जाते यावरून शोधत होता. त्यामुळे त्याच्या डोळ्यांत काही वेगळं असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही, त्याच्याही नाही.

आयटीआय झाल्यावर त्याने एका मोठ्या कंपनीत अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, इंटरव्ह्यू झाला, दोन्हींत पास झाला. आता फक्त मेडिकल राहिलं होतं. पोरगा कंपनीत लागणं म्हणजे काय, हे या कारखान्यांच्या पट्ट्याबाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. इथे मुलगी द्यायची की नाही हे त्यावर ठरतं, घरमालक खोली देताना तेच विचारतो. शेजारीण मिरच्या उसन्या देतानासुद्धा बहुतेक तोच विचार करत असावी. अब्बांनी जन्मभर ऑइलने काळे झालेले हात धुताना एकच स्वप्न पाहिलं होतं, की पोराच्या अंगावर कंपनीचा शर्ट यावा. आणि मेडिकल म्हणजे तरी काय, वजन, उंची, रक्त. त्यात कोणी नापास होतं का? अम्मीने मेडिकलच्या आदल्या दिवशीच पेढे आणले आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी नेऊन दिले. मी तिच्यामागे ताट धरून फिरले.

मेडिकलला डॉक्टरांनी भाईसमोर एक पुस्तक उघडलं. पानावर मोठा गोल, गोलात लहानमोठे रंगीत ठिपके. “कोणता आकडा दिसतो?” त्याला ठिपकेच दिसत होते. गप्प बसलो तर मठ्ठ समजतील, असं वाटून तो म्हणाला, “आठ.” पान उलटलं. तिथेही तो आठच म्हणाला. तिसऱ्या पानालाही आठ म्हटल्यावर डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, हे आम्हाला असं कळलं. 

तो घरी आला तेव्हा मामांकडे न्यायचे पेढे डब्यात तसेच होते. गल्लीत मला वाटलं होतं लोक बोलतील, टोमणे मारतील. कोणीही काही विचारलं नाही. तेच वाईट झालं. कोणी काही बोललं असतं तर अम्मीने भांडून तरी घेतलं असतं. लोक भाईला बघून हसायचे, गाडीचं, पावसापाण्याचं बोलायचे आणि कंपनी हा शब्द टाळायचे. त्या टाळण्याने तो वाळत गेला. गॅरेजमध्ये बसेना, कारण गिऱ्हाईक गल्लीतलंच. मग अब्बांच्या ओळखीतून मस्कतचं काम आलं, हॉटेलांतले एसी सांभाळायचं. तिथे लाल-हिरव्याचं कोणी विचारलं नाही. त्याने लगेच हो म्हटलं.

व्हिसाची वाट बघण्याचे ते दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. सेकंडहँड लॅपटॉप घेऊन फरशीवर बसायचे आणि प्रोजेक्टचे आलेख काढायचे. भाईला दुसरं काही करायचं नसल्यामुळे तो शेजारी येऊन बसायचा आणि मला छळायचा.

“इंजिनियर, एक रेष काढायला एवढा येळ?”

“एक नाही, दोन आहेत.”

“कुठं?”

लाल आणि हिरवी, एकीवर एक चढून पुढे गेलेल्या. मला काय झालं ते लगेच कळलं. मी लालचं हँडल पकडलं आणि तिला तुटक केलं. हिरवीवर गोल टाकले.

“आता?”

तो पुढे वाकला. “आगं, ही दुसरी कुठनं आली?”

आम्ही दोघं हसलो. मेडिकलनंतर तो पहिल्यांदा हसला होता. मला इतकं बरं वाटलं की त्या आठवड्यात मी माझा प्रोजेक्ट बाजूला ठेवला आणि डॉक्टरांच्या त्या पुस्तकाचा पिच्छा पुरवला. ती पानं कशी बनवतात, हे शोधून वाचून काढलं. तेव्हा कळलं की त्या पुस्तकात एक उलटं पानही असतं. त्यातला आकडा भाईसारख्यांना दिसतो आणि आमच्यासारख्यांना दिसत नाही.

त्याची युक्ती सोपी आहे. आकड्यातल्या ठिपक्यांना किंचित निळसर करायचं, बाकीच्यांना किंचित पिवळट. फरक थोडाच, नुसता तोच असता तर कोणालाही मंदसा दिसला असता. मग त्या सगळ्यांवर लाल आणि हिरवा वाटेल तसा उधळून द्यायचा. आमचे डोळे त्या लाल-हिरव्याच्या दंग्यातच अडकतात, खालचा निळा-पिवळा फरक त्यांच्या हाती लागत नाही. भाईपर्यंत तो दंगा पोचतच नाही. त्याला शांतपणे आकडा दिसतो.

मी प्रत्येक ठिपका वेगळा काढला, प्रत्येकाचा रंग वेगळा सेट केला. रंगांचे अंदाज पुन्हा पुन्हा चुकले. कधी मलाही आकडा दिसायचा, कधी दोघांनाही नाही. मग एका दुपारी स्क्रीनवर मला नुसता रंगीत काला दिसत होता आणि भाई मागून सहज म्हणाला, “पाच.”

मी आकडा बदलला. “तीन,” तो म्हणाला. पुन्हा बदलला. “सात. सोपं हाय की.”

मग त्याने अम्मीला स्वयंपाकघरातून बोलावलं, अब्बांना गॅरेजमधून. स्वतः खुर्चीवर बसला, आम्हाला ओळीत उभं केलं, आणि डॉक्टरांसारखा आवाज काढला. “आकडा सांगा.” अम्मी चष्मा पुसून पुसून बघत राहिली. “न्हाई बाबा, कायबी न्हाई,” म्हणाली. “अनफिट. पुढचा.” अब्बा लॅपटॉपला नाक लावून म्हणाले, “व्हय, हाय कायतरी. नऊ हाय का?” “अनफिट.” मी काढलेलं चित्र असूनही मी अनफिट. आमचं सगळं घर त्याने मेडिकलला नापास केलं. अब्बांना हसून ठसका लागला. एवढं हसणं आमच्या घरात त्यानंतर झालेलं मला आठवत नाही.

मग व्हिसा आला आणि तो गेला.

पुढे मला नोकरी लागली. माझ्याही मेडिकलला तेच पुस्तक निघालं. मी भराभर आकडे सांगत गेले. मग एक पान आलं ज्यात मला काहीच दिसेना, आणि ते कोणतं पान आहे ते मी ओळखलं. “यात काही नाही,” मी म्हणाले. “बरोबर,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खूण केली. माझा भाऊ तिथे बसला असता तर त्याला आकडा दिसला असता आणि त्याचं चूक ठरलं असतं. मला त्या ‘बरोबर’ शब्दाचा इतका राग आला की मी बाहेर येऊन उन्हात उभी राहिले.

अम्मीने माझ्या नोकरीचे पेढे आणले नाहीत. मेडिकल झालं, रुजू झाले, कन्फर्म झाले, तरी नाही. “भाई आला की आणू,” म्हणाली.

भाई मध्ये एकदा येऊन गेला. घराबाहेर पडलाच नाही. उंबऱ्यात चप्पल काढली ती परत जातानाच घातली म्हणा ना. त्यानंतर रजेचा विषय निघाला की सीझन आहे, माणसं कमी आहेत, पुढच्या वर्षी बघू. आधी अम्मी प्रत्येक फोनवर विचारायची, “कधी येतूस?” मग हळूहळू तिने ते विचारणं सोडलं. आता ती फक्त “जेवलास का?” विचारते. अब्बा तेही विचारत नाहीत, लांबून फोनकडे बघत राहतात. आणि मी काय करते? मी त्याची थट्टा करते, तो माझी करतो. आठवण येते, घर तुझ्याशिवाय ओकंबोकं वाटतं, ही वाक्यं आमच्या घरात कोणी कोणाला म्हणत नाही. माझ्याही तोंडून ती निघत नाहीत.

तर ती नवी इंजिनियर गोल कशाला म्हणून विचारती झाली, आणि मी खोटं बोलले, आणि मला ते लागून राहिलं. त्याच रविवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला.

आकडा काढायचा नव्हता. ठिपक्यांत लांब वाक्य मावत नाही, म्हणून मी एकच अक्षर घेतलं. मोठं, जाड ‘ये’. ते आधी नुसतं काढलं, कोणकोणते ठिपके त्याच्या अंगावर पडतात ते टिपून घेतलं, आणि मग त्या अक्षराची दिसण्याची प्रॉपर्टी बंद केली. अक्षर गेलं, त्याच्या जागेवरचे ठिपके राहिले. त्यांना निळसर केलं, बाकीच्यांना पिवळट, आणि वरून लाल-हिरवा उधळला.

आता पंचाईत अशी की बरोबर झालंय की नाही हे बघणार कोण? मला ते दिसणार नव्हतं, आणि दिसलं तर ते चुकलेलं असणार होतं. मी लाल-हिरवा पूर्ण काढून टाकला. ‘ये’ दिसलं, मंद पण स्पष्ट. लाल-हिरवा परत घातला, ‘ये’ गेलं. पुन्हा काढला, पुन्हा घातला. अम्मी मागे येऊन उभी राहिली होती. नेमका लाल-हिरवा घातलेला होता.

“त्या येळचं ठिपकं ना?” ती म्हणाली.

“हं.”

“पाच हाय का?”

“मला तरी कुठे दिसतंय,” मी म्हणाले.

शुक्रवारी भाईला सुट्टी असते, म्हणून त्या संध्याकाळी आमचा व्हिडिओ कॉल असतो. मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले आणि कॉल लावण्याआधी चित्र पाठवून दिलं. फोटो म्हणून नाही, फाइल म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की रंग चेंगरतात, आणि त्या चित्रात रंगांशिवाय दुसरं काही नव्हतंच.

भाई खोलीतल्या पलंगावर बसला होता, मागे दोरीवर कोणाचे तरी टॉवेल. अम्मी म्हणाली, “हिनं कायतरी धाडलंय बघ तुला. मला तर नुसतं ठिपकंच दिसत्यात.”

“बघतो,” तो म्हणाला. त्याने फाइल उघडली असणार, कारण आमच्या स्क्रीनवर त्याचा चेहरा पुसट होऊन थांबला. फोनवर दुसरं काही उघडलं की असं होतं, आवाज येतो पण माणूस दिसत नाही. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी पाठवून चूक केली का, असं मला वाटायला लागलं. रंग बिघडले असतील, त्याला काहीच दिसत नसेल, पुन्हा एकदा तो ठिपक्यांसमोर बसून काय म्हणावं याचा विचार करत असेल.

मग त्याचा चेहरा परत आला. तो फोनकडे बघत नव्हता, बाजूला कुठेतरी बघत होता.

“काय हाय रं त्यात?” अम्मीने विचारलं.

“आठ,” भाई म्हणाला.

अम्मीने माझ्याकडे बघितलं. तो आकडा आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. मग भाई स्वतःच हसला, आणि त्याला हसताना बघून तीही हसली, ओढणीचा पदर डोळ्यांना लावून हसली.

“नीट बघ, भाई,” मी म्हणाले.

“बघितलं, इंजिनियर. लई नीट बघितलं.” त्याने फोन जवळ घेतला. “अम्मीला सांग, आठच हाय.”

तेव्हा मला कळलं की त्याने वाचलंय. आणि हेही कळलं की कधी येणार ते अम्मीला सांगता येत नाही, म्हणून तो आठ म्हणतोय. अम्मीने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, “जेवलास का?”

त्या दिवशी त्याचा मेसेज येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये बसल्यावर मी फोन उघडला. त्याच्या डीपीला इतकी वर्षं समुद्रासमोर उभा असलेला त्याचा फोटो होता. तो फोटो गेला होता. त्या जागी माझे ठिपके होते, गोलात अगदी चपखल बसलेले. शेजारी ती नवी इंजिनियर होती. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, “मस्त डिझाइन आहे मॅडम. डीपी कोणाचा आहे?”

“माझ्या भावाचा,” मी म्हणाले. “आलेखातले ते गोल त्याच्यासाठी असतात.”

तिला काही कळलं नसावं. चाकण येईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं.

भाई अजून आलेला नाही. रजेचं विचारलंय म्हणतो. पेढे अजून आणायचे आहेत. डीपी त्याने बदललेला नाही. तो मला ‘ये’ म्हणतोय, की माझं ‘ये’ त्याने जवळ ठेवलंय, हे मी विचारलेलं नाही. शुक्रवारी फोन वाजला की आधी तो गोल दिसतो. मी उचलायच्या आधी थोडी थांबते आणि त्यात अक्षर शोधते. ते कुठे आहे हे मला ठिपक्यागणिक माहीत आहे, मीच ठेवलंय ते तिथे. मला दिसत नाही. तेवढ्यात आतून अम्मी ओरडते, “आगं उचल की, त्योच आसंल,” आणि मी फोन उचलते.